बडोद्याच्या रावपुऱ्यातली पडकी पागा उतरवून घेतली, त्या सुतार-मजुरांच्या टोळीचा रिव्ह्यू (५ पैकी साडेतीन)

आधी स्टारचा हिशोब सांगून टाकते, म्हणजे ज्यांना फक्त आकडा हवाय ते सुटले. एक कापलाय लाकडाच्या हिशोबावरून, अर्धा कापलाय पत्रे उतरवताना जी बेफिकिरी केली त्यावरून. उतरवायच्या कामात कापण्यासारखं काही सापडलं नाही आणि मी शोधत होते. टोळीचं नाव इथे टाकत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि माणूस वाईट नाहीये.

तर आमच्या वाड्याच्या मागच्या चौकात पागा होती. पाच खणांची (खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा), सागाचे खांब, मधे विटांची भर, सगळं चुन्यातलं. घोडे जाऊन गाई आल्या म्हणून घरात सगळे गोठाच म्हणतात, नंतर गाईही गेल्या आणि स्कूटरी, गणपतीची मखरं, मोडक्या खुर्च्या, कोणाचं तरी लग्नातलं न उघडलेलं डिनर सेट असं सगळं आत जात राहिलं. मागच्या भिंतीत पिंपळ उगवलेला. मधल्या दोन खणांवरची कौलं गेली तेव्हा मोठ्या काकांनी वर सिमेंटचे पत्रे टाकून घेतले होते आणि तेव्हाच आतून कमरेएवढं सिमेंट प्लास्टरही मारून घेतलं, 'ओल येते' म्हणून. (हे प्लास्टर लक्षात ठेवा, खाली परत येईल.) २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचा पूर आला तेव्हा पाणी आमच्यापर्यंत नाही आलं पण पाऊस असा काही लागला की मागच्या बाजूचं आढं (छपराची सगळ्यात वरची तुळई) खाली बसलं आणि भिंतीनं शेजारच्या बाजूला पोट काढलं. मग नोटीस. महानगरपालिका कायद्याचं कलम २६४, पडायला आलेलं बांधकाम उतरवा नाहीतर सुरक्षित करा.

घरात सगळ्यांना हायसं वाटलं खरं तर. आता कोणी पाडू नका म्हणणार नाही. काकांनी तर तिथे तीन गाड्या कशा लागतील ते कागदावर काढूनही ठेवलं.

पण आमचा वाडा आहे तांबेकर वाड्यापासून १०० मीटरच्या आत. बडोद्याबाहेरच्यांसाठी, हा दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा, आतल्या भिंतींवर १९व्या शतकातली चित्रं आहेत, कृष्णलीला, महाभारत, इंग्रज-मराठ्यांची लढाई, आणि तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. म्हणजे १९५८ चा स्मारकांचा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती आम्हाला लागू. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, तिथे नवं बांधकाम नाही म्हणजे नाही. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, तिथे परवानगी घेऊन बांधता येतं. प्रतिबंधित भागात तुमचं घर १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं असेल तर दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. परवानगी न घेता केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना अर्धवट माहीत असतं, म्हणजे 'आपल्याकडे काही करता येत नाही' इतकंच.

याचा खरा अर्थ मला तोपर्यंत कोणी सांगितला नव्हता आणि तो ज्यानं सांगितला त्याच्यासाठी हा रिव्ह्यू आहे. पाहायला पहिल्यांदा दोन जण आले ते जेसीबीवाले. एकानं गल्लीची रुंदी पाहिली आणि म्हणाला मशीन आत येणार नाही, ब्रेकरनं, म्हणजे मशीनच्या हातोड्यानं करून देतो, दोन दिवसात प्लॉट साफ. दुसऱ्यानं आत यायचीही तसदी घेतली नाही, दारातूनच आकडा सांगितला आणि तो आकडा, खरं सांगते, मोहात पाडणारा होता, या टोळीच्या निम्म्याच्या आसपास. परवानगीचं विचारलं तर म्हणे रविवारी पाडून टाकू, कोण बघतंय. काका यालाच काम द्यायला निघाले होते!

मग हे मिस्त्री आले. सुतार, साठीच्या पुढचे, जुने वाडे हातानं उतरवायचं काम, पोरगा आणि सात-आठ माणसं असा सगळा कारभार. आल्या आल्या क्वोटेशनचं बोललेच नाहीत. हातात एक टोकदार सळई आणि लाकडी दांड्याची हातोडी, प्रत्येक खांबावर खालपासून वरपर्यंत ठोकत गेले आणि कान लावून ऐकत गेले. जिथे आवाज भरीव तिथे पुढे, जिथे बद्द तिथे सळई खुपसून बघायची. मी मागे मागे. तर पुढच्या दोन खणांचे खांब दगडी तळखड्यावर (खांबाखालचा बैठा दगड) उभे आहेत, तळखडा अजून जमिनीच्या वर दिसतो, त्यामुळे लाकडाचं बूड कोरडं. मागच्या तीन खणांत मात्र इतक्या वर्षांत भर टाकून टाकून जमीन इतकी वर आली की तळखडे गाडले गेले आणि साग सरळ ओल्या मातीत. त्यात ते सिमेंट प्लास्टर. चुन्याची भिंत ओल ओढते आणि बाहेर सोडते, सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं की ओल आतल्या आत वर चढते आणि विटेत बसवलेल्या लाकडात शिरते. मग वाळवी. मागच्या एका खांबात सळई अशी गेली की मिस्त्रींनी ती तिथेच सोडली आणि काकांकडे पाहिलं. काका दुसरीकडे बघायला लागले.

पुढच्या खांबावर हात ठेवून म्हणाले, "बेन, आ थांभलो हजी सो वरस ऊभो रहेशे." (हा खांब अजून शंभर वर्षं उभा राहील.) मी म्हटलं मग काय करायचं. तर म्हणाले मागचे तीन खण जाऊ दे, वाचण्यासारखं काही नाही. पण पुढचे दोन उतरवू नका. कारण इथे एकदा मोकळी जागा झाली की ती मोकळीच राहणार, तुम्हाला परत त्यावर साधी खोली बांधता येणार नाही. उभं असलेलं दुरुस्त करता येतं, नसलेलं बांधता येत नाही. म्हणजे गाड्यांसाठी वर शेड घालायचं म्हटलं तरी ते नवीन बांधकाम.

बघा, या माणसाला पाच खण उतरवायचे पैसे मिळाले असते, लाकूड जास्त मिळालं असतं, आणि तो स्वतःच दोन खण कमी करून सांगतोय. यासाठी पूर्ण स्टार. मी आधी ज्या इंजिनियरला फी देऊन बोलावलं होतं त्यानं पण हे सांगितलं नव्हतं.

परवानगीचं काम टोळी करत नाही, ते तुमचं तुम्हालाच करावं लागतं, पण काय काय जोडायचं हे मिस्त्रींना पाठ आहे. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, तिथून राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे. कायद्यात मुदती दिल्यात, पंधरा दिवसात अर्ज पुढे पाठवायचा, दोन महिन्यात प्राधिकरणानं कळवायचं, त्यानंतर महिन्याभरात हो किंवा नाही. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी साडेतीन महिने धरूनच चाला आणि त्यात पावसाळा येणार नाही असं बघा. आमची भाची एम.एस. युनिव्हर्सिटीत आर्किटेक्चरला आहे, तिनं मैत्रिणींना घेऊन मापं काढली, नकाशा, सेक्शन, प्रत्येक भिंतीचे फोटो. अर्जात स्पष्ट लिहिलं की दोन खणांची दुरुस्ती, तीन खणांचा धोकादायक भाग हातानं उतरवणार, नवीन काही बांधणार नाही, जोतं (खालचा चौथरा) तसंच ठेवणार, खणणार नाही. जुनं बांधकाम १९९२ च्या आधीचं आहे याला जुनी घरपट्टीची पावती उपयोगी पडली, आईच्या ट्रंकेत होती, तेव्हा घरातले जुने कागद रद्दीत देऊ नका.

मधल्या काळात नोटीस डोक्यावर होतीच, म्हणून टोळीनं आधी येऊन टेकू दिले. पोट काढलेल्या भिंतीला तिरक्या बल्ल्या, बसलेल्या आढ्याखाली दोन उभे लोखंडी जॅक आणि आडवी फळी. याचे पैसे वेगळे घेतले आणि पावती दिली. त्या टेकूंचे फोटो नोटिशीच्या उत्तराला जोडले आणि काम भागलं.

परवानगी आली तरी काम लगेच सुरू नाही झालं, आणि यात दोष टोळीचा नाही म्हणून वेळेचा अर्धा स्टार मी परत दिला. मागच्या खणात माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी होती, ती पांढऱ्या बदामी तोंडाची. मिस्त्रींच्या पोरानं टॉर्च मारला तर आत पिल्लं फिस्कारतायत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घुबडांना संरक्षण आहे, आणि तो कायदा नसता तरी मिस्त्रींनी हात लावला नसता, घुबड म्हणजे लक्ष्मीचं वाहन. काकांच्या मते अपशकुन. या विषयावर दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी पिल्लं उडून जाईपर्यंत थांबलो, तोपर्यंत टोळी दुसऱ्या कामावर निघून गेली आणि मग त्यांना परत आणायला मला फोन करून करून वीट आला. एकाच वेळी दोन-तीन कामं धरतात हे या लोकांचं आहेच, आणि 'काल आवीश' म्हणजे काल नव्हे, उद्या, आणि उद्या म्हणजे पुढच्या आठवड्यात.

आता उतरवण्याचं. हे मी खिडकीत बसून बघितलं, ऑफिसचं काम बाजूला, कारण इतकं सुंदर काम फार दिवसात बघितलं नव्हतं. पहिल्या दिवशी फक्त नंबर. खांब, तुळया, वासे, प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं नंबर आणि तोच नंबर भाचीच्या नकाशावर. मग वरून खाली, बांधताना जो क्रम असेल त्याच्या बरोब्बर उलटा. आधी कौलं, हातोहात, माणसांची साखळी करून, एक वर, एक शिडीवर, एक खाली. फेकलं एकही नाही. मग पट्ट्या, मग वासे, मग आढं. आढं काढायच्या आधी दोन्ही बाजूंना दोर बांधून ताण दिला कारण ते गेलं की भिंती एकमेकींपासून मोकळ्या होतात. मग भिंती विटेविटेनं. खांब सगळ्यात शेवटी. ब्रेकर, ग्राइंडर काही नाही, सांध्यातल्या लाकडी खुंट्या विरुद्ध बाजूनं ठोकून बाहेर काढायच्या, खुंटी निघाली की तुळई आपोआप हलते. अख्ख्या पागेच्या लाकडी सांगाड्यात खिळे फार थोडे, तेही नंतर कोणीतरी मारलेले.

ब्रेकर का नको हे काकांना शेवटपर्यंत पटलं नाही. अहो, आजूबाजूचे सगळे वाडे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे, तांबेकर वाड्यातली जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली चित्रं हाकेच्या अंतरावर. ब्रेकरची थरथर जमिनीतून जाते, आणि गिलावा भिंतीपासून आधीच सुटलेला असेल तर त्याला तेवढं निमित्त पुरतं. शेजारच्या काकूंच्या देवघराच्या भिंतीला आधीच तडा होता. मिस्त्रींनी काम सुरू करायच्या आधी त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली, दोन्ही टोकं प्लास्टरनं, तडा वाढला तर काच फुटते. शेवटपर्यंत फुटली नाही. काकू आता ती काढू देत नाहीत.

पिंपळाचं कामही बघण्यासारखं. लोक काय करतात, दोर बांधून ओढतात आणि पिंपळाबरोबर भिंत घेऊन येतात. यांनी वरचा सगळा पसारा आधी छाटला, आणि मूळ जसं भिंतीत गेलंय तसं त्याच्या भोवतीच्या विटा एकेक सोडवत खाली आले. शेवटी मूळ तेवढं उरलं, मनगटाएवढं जाड, भिंतीचा आकार धरून उभं. विटा जवळजवळ सगळ्या अख्ख्या निघाल्या कारण चुना विटेपेक्षा नरम असतो, छिन्नीनं खरवडला की वीट स्वच्छ. जिथे सिमेंट होतं तिथल्या विटा मात्र फुटल्या, सिमेंट विटेला सोडत नाही. त्याच विटा आता पुढच्या दोन खणांच्या दुरुस्तीला वापरतोय.

आता तक्रारी. सिमेंटचे पत्रे. जुने सिमेंटचे पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस, आणि त्याचा तुकडा पडला की जे बारीक तंतू उडतात ते फुप्फुसात जाऊन बसतात, वर्षानुवर्षांनी त्रास देतात. मिस्त्रींना लाकडातलं सगळं कळतं पण यातलं काही नाही. पोरं तोंडाला रुमाल बांधून पत्र्यावर चढली आणि एकानं गंजलेला नट निघत नाही म्हणून सरळ पत्राच फोडायला घेतला. मी ओरडले. मग पाण्याचा पाइप आणून पत्रे ओले केले, नट कापले, पत्रा अख्खा उतरवून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळला, मास्क मी आणले, आणि ते आणायला मला जावं लागलं हेच मला पटलं नाही. ही माणसं रोज हे करतात. मिस्त्रींना म्हटलं तर हसले, म्हणाले चाळीस वर्षं करतोय. तो अर्धा स्टार इथे गेला आणि तुमच्याकडे असे पत्रे असतील तर ते काम यांना देऊ नका किंवा डोक्यावर उभं राहून करून घ्या.

मलब्याचं बरं होतं. तेव्हाच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे माती, विटा, लाकूड, लोखंड वेगळं करायचं होतं आणि रस्त्यावर टाकायचं नव्हतं, तर यांनी पहिल्यापासून चार ढीग केले. गल्लीत टेम्पो शिरत नाही म्हणून हातगाडीनं तोंडापर्यंत आणि तिथून 'छोटा हत्ती' टेम्पोत. धूळ झाली, होणारच, हिरवी जाळी लावली होती आणि पाणी मारत होते तरी काकूंचे पापड गेले.

लाकडाचा हिशोब, इथे खरी गंमत. या धंद्यात क्वोटेशन म्हणजे मजुरी वजा माल. म्हणजे जो जुना साग निघेल तो टोळी नेणार आणि त्याची किंमत मजुरीतून कमी होणार. जुन्या सागाला मागणी आहे, फार्महाऊसवाले, हॉटेलवाले शोधत फिरत असतात, त्यामुळे किती घनफूट निघाला आणि त्यातला किती चांगला, किती 'जळाऊ' म्हणजे नुसतं सरपण, यावर सगळा खेळ. आमच्या वाशांपैकी बरेच मिस्त्रींच्या पोरानं वहीत जळाऊ म्हणून लिहिले, वाळवी आहे म्हणून. मी संध्याकाळी टेम्पोपाशी गेले तर तेच वासे वेगळे, नीट दोरीनं बांधलेले, वर गोणपाट. जळाऊ लाकडाचे एवढे लाड? भाचीनं नकाशा काढला, नंबर वाचायला लागली, सव्वीस नंबर, सत्तावीस नंबर, हे तर टोकाला फक्त वीतभर खाल्लेत, बाकी ठणठणीत. पोरगा म्हणे चुकून लिहिलं. मिस्त्री आले, वासे परत उतरवले, परत मोजले, आणि फरकाची रक्कम कमी करून दिली, चेहरा पाडून का होईना. त्यांना आधीच माहीत होतं की नाही, देव जाणे. पुण्याचे चुलत भाऊ, ज्यांचा वाड्यात हिस्सा आहे आणि जे एकदाही बघायला आले नाहीत, त्यांनी फोनवर विचारलं की साग गेला किती, तेव्हा माझ्याकडे नंबरवार उत्तर होतं.

दगडी गव्हाण आणि जोतं जागेवरच आहे. तीन खण गेले तिथे जोत्याची रेघ दिसते, कुठपर्यंत बांधकाम होतं ते कळतं. काकांनी आता तिथे कुंड्या ठेवल्यात, गाडी एकच लागते आणि तीही तिरकी.

कोणी बोलावावं यांना? ज्यांचा वाडा दाट वस्तीत आहे, गल्ली अरुंद आहे, लाकूड चांगलं आहे आणि काही भाग वाचवायचाय. मोकळ्या प्लॉटवर साधं सिमेंटचं गोडाऊन पाडायचं असेल तर कशाला, तिथे मशीनच बरं. घाई असेल तरी नको. पावसाळ्याच्या तोंडावर तर अजिबात नको, टेकू देऊन जातील आणि नवरात्रात उगवतील. पैसे तीन हप्त्यांत घेतात, ॲडव्हान्स फार मागत नाहीत. क्वोटेशन वहीच्या पानावर देतात पण मागितलं तर सही करून देतात, त्यात 'जळाऊ कशाला म्हणायचं' हे आधी लिहून घ्या, अमुक टक्के कुजलं असेल तरच, असं. आणि शेवटचा हप्ता लाकडाची यादी जुळल्यावरच द्या, तीही टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा असताना जुळवा, एकदा तो मेन रोडला लागला की मग नुसती फोनाफोनी.